पाठीला माती

'सर, मला पडायचं काम मिळालंय.'

२०१७ सालच्या डिसेंबरातील एका दुपारी, मराठी विभागाच्या दारात उभे राहून तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने हे वाक्य उच्चारले, तेव्हा आम्हां दोघांनाही त्याचा अर्थ लागला नाही. तोवर चौदा-पंधरा वर्षे अध्यापन करताना विद्यार्थ्यांना लागलेल्या नाना कामांच्या वार्ता आम्ही ऐकल्या होत्या. कोणी शिरवळच्या कारखान्यात लागलेला असे, कोणी पोलीस भरतीत निवडला गेलेला असे, कोणी पुण्याला गाडी चालवीत असे. परंतु पडायचे काम? आम्ही दोघे एकाच विभागात शिकवतो आणि एकाच घरात राहतो. आमची मते सहसा जुळत नाहीत. त्यामुळे या लेखातील 'आम्ही' हे सर्वनाम वाचकांनी थोडे सैल धरावे. त्या दुपारचे अज्ञान मात्र सामाईक होते.

मुलगी ज्युदो खेळत असे. सत्तावन्न किलोंच्या आतील गट, राज्य पातळीवरची पदके, विद्यापीठाच्या संघात निवड. पाहिल्यावर यांपैकी काही जाणवू नये अशी ती अंगाने सडसडीत आणि बोलण्यात सावकाश. लोणंदहून वाई फार दूर नाही, आणि वाईला चित्रपटवाल्यांचा राबता जुनाच. 'मृत्युदंड' (१९९७), 'गंगाजल' (२००३), 'स्वदेस' (२००४) या चित्रपटांत वाई-मेणवलीचा परिसर कधी बिहार झाला, कधी उत्तर प्रदेश झाला. त्या वर्षी तिकडे कसलेसे ऐतिहासिक चित्रीकरण चालू होते. नायिकेच्या ऐवजी दगडी पायऱ्यांवरून गडगडत येणारी मुलगी हवी होती. मुंबईहून ठरलेली आली नाही, म्हणून कोणीतरी आसपासच्या क्रीडाशिक्षकांकडे चौकशी केली. आमची विद्यार्थिनी गेली, तीनदा पडली, पैसे घेऊन लोणंदला परतली. फाईट मास्टरांनी तिला सांगितले होते की, जानेवारीत आणखी आठ दिवसांचे काम आहे, पुढे मुंबईला यायची तयारी ठेव. त्याच आठवड्यात तिची निवड चाचणी होती. ती आमच्याकडे आली होती ती या पेचासाठी.

'पण लागत नाही का?' आमच्यापैकी एकीने विचारले.

'लागतं की, मॅडम. पण ज्युदोत पहिलं पडायलाच शिकवतात.'

आणि आम्ही नको म्हणेपर्यंत तिने विभागातल्या दोन कपाटांच्या मधल्या जागेत, फरशीवर, मागच्या मागे अंग टाकले. धाडकन आवाज झाला. ग्रंथालयाचा शिपाई धावत आला. त्याला वाटले, ज्ञानकोशाचे खंड कोसळले. ती उठून ओढणी झटकत होती. हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोके आपटत नाही. पाठ सरळ ठेवायची नाही, पाळण्यासारखी गोल करायची. अंग जमिनीला लागते त्याच क्षणी बाहू अंगापासून थोडा तिरपा ठेवून हाताने जमिनीवर जोरात थाप मारायची, म्हणजे आघात एका जागी न साचता पसरतो. आणि काहीही झाले तरी पडताना हात टेकायला जायचे नाही. 'हात टेकला की मनगट गेलं,' ती म्हणाली. या पडण्याला जपानीत उकेमी म्हणतात, हेही तिनेच सांगितले.

साहित्याच्या माणसाला सवय असते, त्याप्रमाणे आम्ही मग पुस्तके उघडली. कानो जिगोरो या तरुण शिक्षकाने १८८२ साली टोकियोतील एइशोजी नावाच्या मंदिरात आपली शाळा काढली आणि जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवला. जुन्या विद्येत प्राणघातक डावांची संख्या मोठी. ते पूर्ण जोराने करून पाहायचे तर जोडीदार उरणार नाही. कानोंनी घातक डाव वेगळे काढले, आणि उरलेल्यांचा मोकळा सराव दोघांनी पुऱ्या ताकदीने करावा यावर भर दिला. हे शक्य झाले, कारण पडणाऱ्याला पडण्याचे शिक्षण होते. ज्याला पडता येते त्यालाच मनापासून फेकता येते. आपल्याकडेही ही विद्या अगदीच परकी नव्हे. रवींद्रनाथांनी १९२९ साली ताकागाकी या ज्युदो शिक्षकांना जपानहून शांतिनिकेतनात बोलावून घेतले होते आणि तेथे मुलींनीही ज्युदोचे धडे घेतले. रवींद्रांची कविता शिकवताना हा तपशील आम्ही त्याआधी कधी वर्गात सांगितला नव्हता. पुढे सांगू लागलो.

पण तिच्या पेचाचे उत्तर पुस्तकांत नव्हते. ते, आम्हांला वाटले, तिच्या वडिलांकडे असेल.

आप्पा (ती त्यांना आप्पा म्हणते, म्हणून आम्हीही) तरुणपणी यात्रांच्या फडात खेळलेले. नाव झालेले मल्ल नव्हेत. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात करून शे-दोनशे रुपयांच्या इनामापर्यंत गेलेले. घराच्या बाहेरच्या खोलीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे जुने छायाचित्र आहे, १९५२ च्या हेलसिंकीचे कांस्यपदक मिळाले तेव्हाचे, वर्तमानपत्रातून कापून चौकटीत बसवलेले. मुलीने कुस्तीऐवजी ज्युदो निवडला याचे त्यांना वाईट वाटले नव्हते. 'झोंबाझोंबी हाय न्हवं, मग झालं,' एवढेच ते म्हणत. चित्रपटाचे मात्र त्यांना पटले नव्हते.

'सर, तुमी शिकल्याली मानसं. तुमीच सांगा तिला. जिकायचं कुनी, हरायचं कुनी, ह्ये आदीच ठरल्यालं. म्हंजे नुराच झाली की ही.'

ज्या वाचकांचा फडाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नुरा म्हणजे दोन मल्लांनी आधी संगनमत करून केलेली कुस्ती. ती बरोबरीत सुटेल किंवा ठरल्याप्रमाणे निकाली होईल. इनाम वाटून घेतले जाईल. फडात नुरा ओळखणारे जाणते लोक असतात आणि एकदा का 'नुरा, नुरा' असा ओरडा सुरू झाला की मल्लाला त्या गावी पुन्हा जोड मिळणे कठीण. हरण्याने अब्रू जात नाही, ठरवून हरण्याने जाते. आप्पांचा आक्षेप असा होता. त्याला उत्तर देण्यासाठी आमच्याजवळ नाट्यशास्त्रापासून ॲरिस्टॉटलपर्यंत बरेच काही होते. त्यातले काहीही त्या ओसरीवर बोलण्यासारखे नव्हते.

घरी परतताना आमच्या बोलण्यात आले की, आपल्या भाषेने पराभव जवळजवळ सगळाच पाठीवर आणि मातीत नोंदवला आहे. अस्मान दाखवणे, म्हणजे समोरच्याला असे पाडणे की त्याला आकाशाखेरीज काही दिसू नये. चितपट करणे, लोळवणे, धूळ चारणे, माती खाणे. 'पडणे' या क्रियापदाचा संसार तर विचारू नका: निवडणुकीत उमेदवार पडतो, नाटक पडते, बाजारात कांदा पडतो. याच क्रियापदाने पाऊस आणि उजेडही पडतो, हे खरे. पण माणूस पडला म्हणताना मराठी कानाला अपयशच ऐकू येते. अपवाद भक्तीचा. दर आषाढाच्या आधी ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा रस्त्यावर लोटांगण घालणाऱ्या माणसाला कोणी पडला म्हणत नाही. आप्पाही घालतात. मात्र लोटांगणात छाती मातीला लागते, पाठ लागत नाही.

ज्युदोतही पाठीला महत्त्व आहेच. जोर, वेग आणि ताबा राखून प्रतिस्पर्ध्याला पाठीवर आपटले की इप्पोन, आणि सामना तिथेच संपला. म्हणजे निकालाचा नियम दोन्हीकडे जवळपास तोच. फरक शिक्षणाच्या आरंभात आहे. तालमीत पोराला पहिल्या दिवसापासून एकच शिकवण मिळते, पाठ लागू द्यायची नाही. त्यासाठी मान, खांदे, कंबर सगळे घडवले जाते. ज्युदोच्या गादीवर आलेल्या मुलीला पहिले कित्येक दिवस कोणी फेकतच नाही. ती नुसती पडत असते, मागे, कुशीवर, पुढे, कोलांटी घेऊन. तिची लाज शिकवणीच्या पहिल्या पंधरवड्यातच मोडते. मैदानातून चित्रपटाकडे जाणाऱ्या माणसांचा विचार करताना हा फरक आम्हांला पुढे फार उपयोगी पडला.

कारण अशी माणसे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. मास्टर विठ्ठल यांचे नाव हल्ली विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. बालवयात राजापूरकर नाटक मंडळीत, मग कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. तिथल्या 'कल्याण खजिना' (१९२४) मध्ये त्यांना पडद्यावर पहिले काम मिळाले ते नर्तकीचे. पुढे मुंबईच्या शारदा कंपनीच्या मूकपटांत तलवार, घोडा आणि उड्या यांच्या बळावर ते एवढे गाजले की त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. भाषेची गरज नसलेल्या पडद्यावर या गड्याचे शरीर बोलत होते. मग १९३१ साली पहिला बोलपट 'आलम आरा' आला. नायक विठ्ठलच. त्यासाठी शारदाशी झालेला करार मोडण्यावरून खटला उभा राहिला आणि त्यांची बाजू बॅरिस्टर जिनांनी लढवून जिंकली. एवढे होऊन पडद्यावर काय झाले? त्यांचे उर्दू उच्चार जमेनात, म्हणून भूमिका अशी बेतली गेली की बऱ्याच भागात नायक अर्धवट शुद्धीत आहे. भारताच्या पहिल्या बोलपटाचा नायक बोलत नाही! पुढे त्यांनी बरीच वर्षे मराठीत आणि हिंदीत कामे केली, पण नायकपण हळूहळू ओसरले. १९६९ साली ते वारले. 'आलम आरा'ची प्रत आज कुठेही उपलब्ध नाही, तेव्हा ते मौन कसे दिसत होते हेही आता कोणाला पाहता येणार नाही.

आम्ही भाषेचे शिक्षक. बोलपट आला म्हणजे प्रगती झाली, असे आम्ही गृहीत धरत आलो. एका देहाला भाषेने मागे हटवले, अशा बाजूने ही गोष्ट पाहावी हे आम्हांला त्या मुलीमुळे सुचले.

आम्ही तिला दुसरे जे दिले ते पुस्तक. आनंद यादवांची 'नटरंग' तिच्या अभ्यासक्रमात नव्हती. कागलकडचा गुणा, अंगापिंडाने धिप्पाड शेतमजूर, तमाशात राजाची भूमिका करण्याचे स्वप्न पाहणारा. फड उभा राहतो पण नाच्या मिळत नाही, आणि अखेरीस हा गडीच नाच्या होतो. कमावलेले शरीर उतरवतो, चाल बदलतो, हात बदलतो. त्याची जी विटंबना पुढे होते ती वाचकांना माहीत आहे. रवी जाधवांच्या २०१० च्या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी आधी अंग भरवले आणि मग उतरवले, याची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली होती. देहावर जगणाऱ्या माणसाने कलेपायी देह कसा गहाण टाकला, याचे याहून मोठे उदाहरण मराठीत आम्हांला आठवत नव्हते. खरे सांगायचे तर पुस्तक देण्यामागे आमचा हेतू सावध करण्याचा होता.

चार दिवसांनी तिने ते परत आणून दिले. काय वाटले, असे विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहिली.

'गुणाला कुणी पडायला शिकवलं नव्हतं, सर.'

'म्हणजे?'

'म्हणजे त्याला वाटतं, आपण राजा होतो ते खाली आलो. नाच्या होणं हे त्याला पडणं वाटतं, गावालाही वाटतं. मग जोरात लागणारच की.'

वीस गुणांच्या प्रश्नाचे एवढे नेमके उत्तर आम्हांला उत्तरपत्रिकांत क्वचित वाचायला मिळते. ते पूर्णपणे मान्य करता येत नाही, हेही नोंदवले पाहिजे. गुणाची शोकांतिका त्याच्या मनातल्या उंच-सखल कल्पनेपुरती नाही. त्याच्यावर होणारी हिंसा गाव करते, आणि कोणतीही उकेमी तिच्यापुढे पुरेशी नाही. आम्ही तसे बोललोही. तिने ऐकून घेतले.

पेच उरलाच होता. एकाचे मत होते की चित्रीकरणाला जावे, देशभर हजारो मुले पदके घेऊन घरी बसली आहेत. दुसरीचे मत, निवड चाचणी सोडणे म्हणजे दहा वर्षांची मेहनत सोडणे. वाद दोन रात्री चालला. यात एक क्षुद्र विचारही शिरला होता, तो लपवत नाही. महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी भराव्या लागणाऱ्या तक्त्यांत विद्यार्थ्यांच्या क्रीडाप्राविण्याला रकाना असतो. पायऱ्यांवरून पडण्याला नसतो. शेवटी आम्ही दोघांनी मिळून, आप्पांच्या समोर, तिला सांगितले की चाचणीला जा. खरी लढत सोडू नकोस. 'खरी' हा शब्द आमचाच होता.

ती गेली. दुसऱ्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा डाव निम्मा लागला, निम्मा अडला, पाय गादीत रुतला आणि गुडघा वळला. लिगामेंट तुटले. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षी कांद्याला दर नव्हता; थांबून विकावा एवढी सवड आप्पांना राहिली नाही, चाळीतला माल मिळेल त्या भावात गेला. चित्रीकरणाचे आठ दिवस दुसऱ्या मुलीला मिळाले. पुढचे सहा महिने आम्ही दर रविवारी त्यांच्या घरी जात होतो आणि एकाही रविवारी त्या घरातल्या कोणी आम्हांला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते. ती भिंतीला टेकून, पाय पुढे पसरून बसलेली असे आणि गुडघ्याखाली उशी सारताना एकदा सहज म्हणाली, 'पडताना नाही लागलं मला, मॅडम. पडले असते तर वाचले असते. पडायचं नाही म्हणून थांबले, तिथं गेला.'

चित्रपटातली मारामारी लुटूपुटूची, मैदानातली खरी, ही आमची वाटणी तिथे मोडली. उलट बाजूची उदाहरणे आमच्या वाचनात होतीच, फक्त ती या प्रश्नाला जोडून पाहिली नव्हती. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवारांना मारलेली थप्पड ठरल्यापेक्षा जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्यावरचा परिणाम कायम राहिला, आणि नायिकेच्या भूमिका गेल्या. नंतरच्या पिढ्यांनी पडद्यावरच्या खाष्ट सासूचा म्हणून जो डोळा ओळखला, तो त्या एका चुकीचा होता. 'शोले'त (१९७५) टांग्यावरची बसंती ज्या दृश्यांत हेमामालिनी नाही, त्यांत रेश्मा पठाण आहे. स्टंट करणाऱ्यांच्या संघटनेतली ती पहिली स्त्री सदस्य. त्या चित्रपटाच्या वेळी तिलाही दुखापत झाली होती. तिच्यावर 'द शोले गर्ल' हा चित्रपट निघाला तो २०१९ मध्ये. दरम्यानची चव्वेचाळीस वर्षे आपण तिला बघत होतो आणि ती दिसत नव्हती.

म्हणजे नुरा कुस्तीतही हाडे खरीच असतात. आप्पांना हे आमच्याआधी ठाऊक असावे.

परदेशात ज्युदोतून चित्रपटात गेलेल्यांची वाट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. अँटन गेसिंक या डच खेळाडूने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपान्यांना त्यांच्याच घरी हरवून खुल्या गटाचे सुवर्णपदक नेले आणि लगोलग एका इटालियन चित्रपटात त्याला सॅमसन केले गेले. प्रचंड देह होता, भूमिका तशी मिळाली, प्रकरण तेवढ्यावर संपले. रोंडा राउझी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून पिंजऱ्यातल्या लढतींची सम्राज्ञी झाली, 'द एक्स्पेंडेबल्स ३' (२०१४) आणि 'फ्युरियस ७' (२०१५) मध्ये दिसली, आणि २०१८ पासून तर ज्यांचा निकाल आधी लिहिलेला असतो अशा कुस्त्यांच्या रिंगणातच उतरली. या सर्वांत आमच्या मुलीला आवडला तो जीन लेबेल. १९५४ आणि १९५५ चा अमेरिकेचा ज्युदो विजेता, पण नायक व्हायच्या भानगडीत न पडता शेकडो चित्रपटांत नायकांच्या हातून मार खाणारा. २०२२ साली, नव्वदीला टेकून, तो वारला. 'एवढी वर्षं पडला आणि म्हातारा होऊन मेला,' ती म्हणाली, 'म्हणजे काम चांगलं करत होता.'

आपल्याकडे जवळचे उदाहरण रितिका सिंगचे. मुंबईत वाढलेली किकबॉक्सर; सुधा कोंगरा यांनी तिला 'साला खडूस' आणि त्याच्या तमिळ आवृत्तीत (२०१६) मुष्टियोद्धा मुलीची भूमिका दिली. नटीला लढायला शिकवण्यापेक्षा लढणारीला अभिनय शिकवावा, असा त्यामागचा विचार. त्रेसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. पण तो चेहरा असलेल्या भूमिकेचा मार्ग झाला. लोणंदच्या मुलीने निवडलेल्या मार्गात चेहरा दिसला तर काम बिघडले असे धरतात.

२०१९ साली गुडघा सावरल्यावर तिने स्वतःच त्या फाईट मास्टरांना दूरध्वनी केला आणि ती मुंबईला गेली. आम्हांला नंतर सांगितले. या वेळी सल्ला विचारला नाही, हे योग्यच झाले. २०२० च्या टाळेबंदीत कामे थांबली तेव्हा वर्षभर लोणंदला येऊन राहिली आणि गल्लीतल्या पोरांना वाळूत पडायला शिकवत होती. ऐतिहासिक मराठी चित्रपटांची लाट तेव्हा चढती होती. 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' (२०२२). प्रत्येक लढाईत एक मावळा उभा राहायचा तर दहा शत्रू पडावे लागतात. तिने दाढी लावून गनिमाची कामेही केली.

अशाच एका चित्रपटाला, २०२२ च्या उन्हाळ्यात, आम्ही आप्पांना घेऊन साताऱ्याला गेलो. तिने सांगून ठेवले होते, मध्यंतरानंतर, तटावरून, निळे लुगडे. दृश्य दोन सेकंदांचे असेल. नायिकेने एका हेर स्त्रीला तटावरून खाली लोटले. निळे लुगडे हवेत एकदा वळले आणि पाठीवर आले. प्रेक्षकांनी नायिकेला टाळ्या दिल्या.

आप्पा पुढे वाकून बसले होते. 'मान आत घेतली, बघितली का?' ते हलक्या आवाजात म्हणाले. 'थाप बी मारली. आवाज आला न्हाई, पर मारली.' शेकडो कुस्त्या डोळ्यांखालून गेलेल्या माणसाची ती नजर होती. आम्हांला फक्त लुगडे दिसले होते. बाहेर आल्यावर रसवंतीपाशी उभे असताना त्यांनी नायिकेची चौकशी केली. तिचे वजन किती असेल, म्हणाले. मग स्वतःशीच हसले. 'तिला आमची पोरगी पाडायची म्हंजे चार जनी लागत्याल.' नुरा हा शब्द त्यांनी काढला नाही. आम्हीही काढला नाही. घामाघूम गर्दीत त्या दोन सेकंदांचे कौतुक करणारे आम्ही तिघेच होतो आणि श्रेयनामावलीत तिचे नाव, आडनावाची एक मात्रा चुकवून, पुष्कळ खाली आले होते.

२०२४ च्या पावसाळ्यात आप्पा कांद्याच्या चाळीशी ओल्या उतारावर घसरले. पासष्टीचा माणूस, पण हाडापेराने मजबूत. पाठ वाचवायला हात मागे टेकला आणि मनगट मोडले. ती पालखीच्या दिवसांत घरी आली तेव्हा हात गळ्यात होता. बापाला ती बरेच काही बोलली. प्लास्टर निघाले, मनगटात थोडा बाक राहिला. दिवाळीत ती पुन्हा आली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही फराळाला गेलो, तर अंगणात दोन गोधड्या एकावर एक अंथरलेल्या होत्या. आप्पा त्यांच्या टोकाशी उकिडवे बसले होते, दोन्ही हात छातीशी धरून, पाठ गोधड्यांकडे.

'हनुवटी खाली, आप्पा. आता मागं या. नुसतं लवंडायचं.'

ते लवंडले, पण अर्ध्यावर कंबरेची कमान झाली. टाच आणि खांदा यांवर सगळे अंग तोलून धरलेले, पाठ गोधडीपासून चार बोटे वर. तसेच थांबले, धापा टाकत. फडात शेवटच्या क्षणाला मल्ल असाच थांबतो.

'आप्पा, पंच न्हाई हितं,' ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळीही कमान झालीच, थोडी खाली. आईने आतून चहा आणून ठेवला होता. आप्पांनी आमच्याकडे पाहिले, कपाळावरचा घाम उपरण्याने पुसला आणि पुन्हा उकिडवे बसले.